टर्मिनलमधले रंग: अक्षरं नीट वाचता यावीत यासाठी काय आणि कोणत्या क्रमाने करावं

टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या खिडकीच्या, काळ्या पडद्यावर फोल्डरांची नावं गडद निळी उमटतात आणि वाचता येत नाहीत. म्हणून नवी थीम, म्हणजे तयार रंगसंच, उतरवली जाते. फोल्डर दिसू लागतात, पण एडिटरमधल्या कॉमेंट गायब होतात. मग एडिटरची थीम बदलायची. दूरच्या सर्व्हरवर गेलं की तीही विस्कटते. ही फेरी संपत नाही, कारण काम चुकीच्या टोकाकडून सुरू झालेलं असतं. टर्मिनलमध्ये प्रोग्राम बहुतेक वेळा रंग पाठवतच नाही, तो रंगाचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाला प्रत्यक्षात कोणता रंग द्यायचा ते टर्मिनल ठरवतं. म्हणून दुरुस्तीही आधी टर्मिनलमध्ये करायची आणि प्रोग्रामांकडे नंतर वळायचं.

आज्ञा आणि सेटिंगची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

## तयारी: हात लावण्याआधी

सेटिंगची खिडकी उघडण्यापूर्वी तीन गोष्टी करून ठेवा.

पहिली, आताच्या सेटिंगची प्रत. बहुतेक टर्मिनलमध्ये प्रोफाइलची, म्हणजे साठवलेल्या सेटिंगच्या संचाची, नक्कल करता येते. नक्कल करा आणि बदल तिच्यातच करा. रंगांचे प्रयोग तासभर चालतात आणि शेवटी डोळ्यांना काहीच चांगलं वाटेनासं होतं. अशा वेळी परत जायला मूळ प्रोफाइल हाताशी हवं.

दुसरी, नमुन्याचा मजकूर. थीमच्या पानावरची चित्रं पाहून निर्णय घेऊ नका, त्यांत नेमके अडचणीचे रंग टाळलेले असतात. स्वतःच्या रोजच्या कामातलं आउटपुट जमवा: वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली असलेल्या फोल्डरची 'एलएस' यादी, 'गिट डिफ' (फाइलींमधले बदल दाखवणारी आज्ञा), कंपायलरची एखादी चूक, 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेचा निकाल आणि एडिटरमध्ये उघडलेली, भरपूर कॉमेंट असलेली फाइल. प्रत्येक पायरीनंतर हाच संच पुन्हा पाहायचा आहे.

तिसरी, जागा. ज्या उजेडात रोज काम करता त्याच उजेडात बसा, पडद्याचा प्रकाश नेहमीइतका ठेवा आणि रात्री रंग पिवळट करणारी सोय बंद करा. ती चालू ठेवून निवडलेले निळे आणि राखाडी रंग सकाळी भलतेच दिसतात.

## पायरी १: रंग कुठून येतोय ते ओळखा

टर्मिनलमधले रंग तीन वाटांनी येतात. चुकीच्या वाटेवर दुरुस्ती केली की काहीच बदलत नाही, म्हणून आधी हे ओळखायचं.

पहिली वाट सोळा कप्प्यांची. यांतले पहिले आठ म्हणजे काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी, पांढरा. पुढचे आठ त्यांचेच उजळ भाऊ. अक्षरांसाठी प्रोग्राम ३० ते ३७ किंवा ९० ते ९७ हे आकडे पाठवतो, पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ किंवा १०० ते १०७. ३१ म्हणजे 'लालच्या कप्प्यात जे असेल ते'. तिथे तुम्ही गुलाबी ठेवलात, तर चुकीचा संदेश गुलाबी दिसेल.

दुसरी वाट २५६ रंगांची. त्यांतले ० ते १५ हे वरचेच सोळा कप्पे. १६ ते २३१ हा सहा बाय सहा बाय सहाचा ठोकळा (लाल, हिरवा, निळा यांच्या सहा-सहा पातळ्यांचा) आणि २३२ ते २५५ या राखाडीच्या २४ छटा. सोळाच्या पुढचे रंग सहसा ठरलेले असतात, थीम बदलली तरी ते हलत नाहीत. तिसरी वाट थेट लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे पाठवण्याची. तिथे टर्मिनलच्या थीमला काहीच म्हणता येत नाही.

ओळखायचं कसं? सेटिंगमध्ये निळ्या कप्प्यात तात्पुरता एखादा भडक, विसंगत रंग टाका आणि नमुन्याचा संच पुन्हा चालवा. जे बदललं ते पहिल्या वाटेचं. जे जसंच्या तसं राहिलं ते त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये सोडवावं लागेल, आणि त्याची पाळी पाचव्या पायरीत येते.

तपासा: 'टीपुट कलर्स' चालवा; टर्मिनल किती रंग दाखवू शकतं ते ही आज्ञा सांगते. उत्तर ८ आलं आणि टर्मिनल नवं असलं, तर टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या 'टर्म' या चलाची किंमत चुकली आहे.

सावधान: ती किंमत शेलच्या (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सुरुवातीच्या फाइलमध्ये हाताने कोंबू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बराच गोंधळ त्यानेच होतो. 'टर्म' टर्मिनलने स्वतः सांगायचं असतं. टीमक्स (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये 'डिफॉल्ट-टर्मिनल'ला 'टीमक्स-२५६कलर' द्या आणि शेलमधली ओळ काढून टाका. दूरच्या यंत्रावर रंग अचानक कमी झाले, तर थेट रंग चालतात असं सांगणारं 'कलरटर्म' हे चल पाहा. एसएसएच (दूरच्या यंत्राला जोडणारी सोय) 'टर्म' पलीकडे नेतं, पण 'कलरटर्म' सहसा आपणहून नेत नाही. त्यामुळे थेट रंग वापरणारे प्रोग्राम तिथे २५६ किंवा १६ वर उतरतात.

## पायरी २: पार्श्वभूमी आणि साधी अक्षरं

पडद्यावरचा बहुतांश मजकूर रंगीत नसतोच. तरीही लोक याच जोडीवर सगळ्यांत कमी वेळ घालवतात.

इथे एक माप लागेल: कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत ते दोन रंगांच्या उजळपणावरून काढतात. सारखेच रंग असतील तर १, शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरा असेल तर २१. साध्या मजकुराला किमान ४.५ आणि कडक पातळीसाठी ७ असा तिथला दंडक आहे. नियम वेबचा असला तरी डोळे तेच आहेत, शिवाय टर्मिनलमधली अक्षरं बारीक असतात. माझा आग्रह असा: साधी अक्षरं १० च्या वर, अर्थ सांगणारे रंग ४.५ च्या वर, आणि मुद्दाम मागे ढकललेला मजकूरसुद्धा ३ च्या खाली नको. हे गुणोत्तर मोजणारी साधनं ब्राउझरच्या डेव्हलपर खिडकीतही असतात. अंदाजाने ठरवू नका.

सर्वाधिक कॉन्ट्रास्ट म्हणजे सर्वांत वाचनीय, असं मात्र नाही. शुद्ध काळ्यावर झगझगीत पांढरी अक्षरं अनेकांना, विशेषतः दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असणाऱ्यांना, कडेने पसरल्यासारखी दिसतात. गडद पडदा हवा असेल तर पार्श्वभूमी ३०, ३०, ३० आणि अक्षरं २०८, २०८, २०८ अशी सुरुवात करा (हे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे). गुणोत्तर ११ च्या जवळ येतं. उजळ पडद्यासाठी २५० च्या राखाडीवर ४० ची अक्षरं दिली की ते १४ होतं. खिडकीजवळ भर उजेडात बसत असाल तर उजळ पडदाच घ्या. गडद पडद्यात तुमचाच चेहरा दिसत राहतो.

पारदर्शक पार्श्वभूमी बंद करा. मागे काय येईल हे माहीत नसताना कॉन्ट्रास्ट मोजायचा कशाशी? चित्रं काढून दाखवायला ती सोय छान आहे, वाचायला नाही.

तपासा: साध्या मजकुराचा एक पानभर भाग पाच मिनिटं खरोखर वाचा. नुसती नजर टाकू नका. डोळे आकसत असतील तर अक्षरांचा उजळपणा दहा-दहाने कमी करून पाहा. पार्श्वभूमीला आता हात लावू नका.

## पायरी ३: सोळा कप्पे भरा

खरं काम इथे आहे आणि त्यातही निळ्यापाशी. उजळपणाच्या हिशोबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ असतो. म्हणून शुद्ध निळा कितीही भडक वाटला तरी काळ्यावर त्याचं गुणोत्तर २.४४ च भरतं. जुन्या कन्सोलमधला ०, ०, १७० हा निळा तर १.६ वर अडतो. भरीला, डोळ्याच्या केंद्रभागी निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी अगदी थोड्या असतात, त्यामुळे निळ्या बारीक अक्षरांच्या कडा पकडायला नजरेला कष्ट पडतात.

यावर उपाय म्हणजे निळ्यात हिरवा मिसळणं. ११०, १६०, २५५ हा निळा वरच्या गडद राखाडीवर सहाच्या पुढे जातो आणि तरी निळाच वाटतो. शुद्ध निळा त्याच पार्श्वभूमीवर दोनलाही पोचत नाही.

उजळ पडद्यावर चित्र पूर्ण उलटतं. तिथे निळा बिनधास्त चालतो (पांढऱ्यावर ८.६) आणि बुडतात ते पिवळा, आकाशी आणि हिरवा. शुद्ध पिवळ्याचं पांढऱ्यावरचं गुणोत्तर १.०७ आहे, म्हणजे इशारा छापला काय आणि नाही छापला काय. पिवळ्याच्या कप्प्यात गडद मातकट रंग ठेवा; १२८, ९६, ० हा साडेपाचच्या आसपास जातो. हिरव्याला ०, ११०, ० सारखा गडद घ्या. यामुळेच एकाच सोळा रंगांवर गडद आणि उजळ असे दोन्ही पडदे चालवता येत नाहीत. दोन प्रोफाइल, दोन संच.

कप्पे भरताना क्रम असा ठेवा: निळा, लाल, पिवळा, हिरवा, मग किरमिजी आणि आकाशी, मग काळा-पांढरा, आणि शेवटी उजळ आठ. पहिल्या चारांवरच रोजचे इशारे आणि चुका उभ्या असतात. काळ्याच्या कप्प्यात पार्श्वभूमीपेक्षा किंचित वेगळा रंग ठेवला तरी चालेल, पण पांढऱ्याच्या कप्प्यात उजळ पडद्यावर खरोखरचा पांढरा ठेवलात तर काही प्रोग्रामांचा साधा मजकूर गायब होईल. हलका राखाडीही तिथे फिकाच पडतो.

'उजळ काळा' हा कप्पा सगळ्यात फसवा. नावाने विचित्र, पण प्रत्यक्षात तो राखाडी असतो, आणि कॉमेंट, वेळेचे शिक्के, सुचवलेल्या आज्ञा असा दुय्यम मजकूर दाखवायला असंख्य प्रोग्राम तोच वापरतात. सोलराइझ्ड या लोकप्रिय थीमच्या मूळ मांडणीत या कप्प्यात गडद पडद्याची पार्श्वभूमीच ठेवलेली आहे. त्यामुळे त्या थीमवर असा मजकूर दिसतच नाही आणि लोकांना वाटतं प्रोग्राम बिघडला. या कप्प्यात गुणोत्तर किमान ४ भरेल असा राखाडी घाला.

तपासा: सोळाही रंगांत एकेक ओळ छापा आणि पडद्यापासून हातभर मागे सरका. जी ओळ वाचायला पुढे झुकावं लागतं तिचा रंग बदला.

सावधान: काही टर्मिनलमध्ये किमान कॉन्ट्रास्ट आपोआप राखण्याची सोय असते. आयटर्म२ मध्ये ती सरकपट्टी आहे. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये ती मुळातच ४.५ वर लावलेली असते. कप्पे भरताना ती बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एक रंग निवडाल आणि दिसेल दुसराच. काम झालं की चालू करायला हरकत नाही, उलट करावीच.

## पायरी ४: ठळक आणि मंद

ठळक अक्षरांसाठी प्रोग्राम १ हा आकडा पाठवतो. काही टर्मिनल त्यावर जाड अक्षर काढतात, काही रंग उजळ कप्प्यातला घेतात, काही दोन्ही करतात. सेटिंगमध्ये 'ठळक मजकूर उजळ रंगात दाखवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो बंद करा आणि ठळक म्हणजे फक्त जाड अक्षर असं ठेवा. ज्या थीममध्ये उजळ आठ कप्पे खरोखर उजळ नसतात, तिथे हा पर्याय चालू असेल तर ठळक हिरवा भलताच राखाडी होऊन बसतो.

मंद अक्षरांसाठीचा आकडा २. याचा परिणाम टर्मिनलगणिक इतका वेगळा असतो की त्यावर महत्त्वाचं काही टांगू नये. तिसऱ्या पायरीतला उजळ काळा त्यापेक्षा भरवशाचा, कारण तो तुम्ही स्वतः भरला आहे.

## पायरी ५: एकेका प्रोग्रामची समजूत काढा

आता जे उरलं तेवढंच. इथे उत्साहाने सगळं रंगवायला बसू नका.

'एलएस'पासून सुरू करा. त्याच्या मूळ रंगांत फोल्डर ठळक निळे असतात, ते तिसऱ्या पायरीत सुटले. पण कोणालाही लिहिता येईल अशा फोल्डरांना तो हिरव्या पार्श्वभूमीवर निळी अक्षरं देतो, आणि तुम्ही निळा उजळ केल्यावर ही जोडी आणखी बिघडते: दोन्ही रंगांचा उजळपणा जवळजवळ सारखा होतो आणि अक्षरं हिरव्यात विरघळतात. विंडोजमधल्या लिनक्सवर, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, विंडोजच्या ड्राइव्हवरचे फोल्डर नेमके असेच दिसतात. 'डिरकलर्स -पी' चालवून मूळ यादी घरच्या फोल्डरमधल्या 'डॉट-डिरकलर्स' फाइलमध्ये साठवा आणि 'अदर-रायटेबल'च्या ओळीत ३४;४२ आहे तिथे ३०;४२ लिहा. पार्श्वभूमीच नको असेल तर ०१;३४ आणि सोबत अधोरेखनाचा ४ द्या. शेलच्या सुरुवातीला ही फाइल वाचली जाते ना, ते बघा. बहुतेकांचा बदल इथेच अडतो.

'गिट डिफ'मध्ये लाल-हिरवी जोडी असते. लाल-हिरवा फरक न कळणारे लोक थोडेथोडके नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, इतरत्र काहीसं कमी. डिफमध्ये ओळीच्या सुरुवातीला अधिक-उणे चिन्ह असतं म्हणून निभावतं. तरी तुम्हाला स्वतःला अडचण असेल, तर गिटच्या 'कलर.डिफ.ओल्ड'ला २०८ आणि 'कलर.डिफ.न्यू'ला ७५ द्या. २५६ च्या ठोकळ्यातले हे केशरी आणि निळा गडद पडद्यावर छान वेगळे कळतात.

व्हिम या एडिटरमध्ये आधी पार्श्वभूमीचं सेटिंग 'डार्क' की 'लाइट' ते नीट सांगा; निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग 'टर्मगुईकलर्स' चालू करायचं की नाही ते ठरवा. चालू केलंत तर एडिटर थेट रंग पाठवतो आणि तुमचे सोळा कप्पे तिथे लागू होत नाहीत. बंद ठेवलंत आणि थीम सोळा रंगांची घेतलीत, तर सगळीकडे एकच संच राहतो. मला दुसरं आवडतं.

## पायरी ६: स्वतःची स्क्रिप्ट रंगवताना

आतापर्यंत पडदा तुमचा होता. स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, दुसऱ्याच्या पडद्यावर चालणार, तिथे कोणती थीम आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून इथे शिस्त वेगळी.

१. आधी संपूर्ण आउटपुट बिनरंगी लिहा. 'चूक', 'इशारा', 'झालं' हे शब्दांत आलं पाहिजे. रंग त्यावर नंतर चढवायचा. नुसता लाल ठिपका आणि हिरवा ठिपका हा अर्थ सांगायचा मार्ग नव्हे.

२. पहिल्या सोळातलेच रंग वापरा, आणि त्यांतलेही मोजके. लाल, पिवळा, हिरवा पुरतात. साध्या मजकुराला पांढरा किंवा काळा देऊ नका, त्याला रंगच देऊ नका. वापरणाऱ्याने निवडलेला मूळ रंग आपोआप येतो. रंग मागे घ्यायचा असेल तर अक्षरांसाठी ३९ आणि पार्श्वभूमीसाठी ४९ हे आकडे आहेत.

३. पार्श्वभूमी रंगवायचीच असेल तर अक्षरांचा रंगही सोबत द्या. एकच बाजू ठरवली की दुसरी नशिबावर राहते. निवडलेली ओळ दाखवायला ७ हा उलटा करणारा आकडा उत्तम, कारण तो वाचता येणारी जोडीच उलटी करतो.

४. ओळ संपण्याआधी ० पाठवून रंग पुसा. पुसणं नव्या ओळीवर ढकललंत तर काही टर्मिनलमध्ये पुढची अख्खी ओळ रंगून निघते.

५. आउटपुट टर्मिनलवरच जातंय का ते विचारा. शेलमध्ये त्यासाठी '-टी १' ही कसोटी आहे. चुका साध्या आउटपुटपासून वेगळ्या, दुसऱ्या प्रवाहावर पाठवत असाल तर तिथे '-टी २' हवी. इथे १ तपासून पुढे जाणं ही फार जणांची चूक. सोबत 'नो_कलर' हे चल पाहा. ते असेल आणि रिकामं नसेल, तर त्याची किंमत काहीही असो, रंग देऊ नका. 'टर्म'ची किंमत 'डंब' (रंग न समजणारं साधं टर्मिनल) असेल तरीही नाही.

६. बॅश या शेलच्या प्रॉम्प्टमध्ये (आज्ञेआधी दिसणाऱ्या मजकुरात) रंगाचे आकडे घालताना त्यांच्याभोवती उलट्या तिरक्या रेघेसह चौकटी कंस लावा. नाहीतर शेल ती न दिसणारी चिन्हंही लांबीत मोजतं आणि लांब आज्ञा टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते.

देवनागरी मजकूर रंगवणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट: रंगाचा आकडा अक्षर आणि त्याच्या मात्रेच्या मध्ये पडू देऊ नका. 'क' शोधून ठळक केला आणि मजकुरात 'की' असेल, तर वेलांटी वेगळी पडून विचित्र जागी उमटू शकते. पूर्ण शब्दच रंगवा.

सावधान: 'ग्रेप'सारख्या आज्ञांना रंगासाठी 'ऑलवेज' देऊन ते स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. पुढची आज्ञा मजकुरासोबत रंगाची चिन्हंही गिळते आणि तुलना चुकते. 'ऑटो'च ठेवा. पानं उलटत रंगीत आउटपुट बघायचं असेल तेवढ्यापुरतं 'ऑलवेज' द्या आणि 'लेस'ला '-आर' जोडा; हा 'आर' कॅपिटल.

## पायरी ७: शेवटची तपासणी

तयारीत जमवलेला नमुना आता सलग चालवा, याच क्रमाने:

- पडदा राखाडी करून. बहुतेक कार्यप्रणालींच्या सुलभता सेटिंगमध्ये ही सोय असते. रंग गेल्यावरही चूक आणि यश वेगळं कळतंय का?
- विरुद्ध प्रोफाइलवर. गडद वापरत असाल तर उजळ. ही कसोटी स्क्रिप्टसाठी आहे. 'एलएस' तिथे वेगळा दिसला तर दुसरं प्रोफाइल अजून भरायचं बाकी आहे.
- टीमक्सच्या आत आणि दूरच्या यंत्रावर.
- 'नो_कलर'ला १ देऊन.
- आउटपुट न दिसणारी चिन्हं दाखवणाऱ्या 'कॅट -व्ही'कडे वळवून. टोपीचं चिन्ह आणि दोन चौकटी कंस, त्यामागे आकडे असं काही दिसलं, तर स्क्रिप्ट पाइपमध्येही, म्हणजे आउटपुट दुसऱ्या आज्ञेकडे वळवल्यावरही, रंग पाठवते आहे. सहाव्या पायरीतल्या पाचव्या मुद्द्याकडे परत जा.

यांतल्या एखाद्या ठिकाणी बिघडलं तर फक्त तेवढी पायरी दुरुस्त करा, पण तिच्यापुढच्या सगळ्या पायऱ्यांचे 'तपासा' पुन्हा करा. पार्श्वभूमीत वीस अंकांचा बदल केला तरी सोळाच्या सोळा गुणोत्तरं हलतात. सगळं जमलं की प्रोफाइल फाइलमध्ये निर्यात करून ठेवा. टर्मिनलची नवी आवृत्ती कधी कधी मूळ रंग बदलते, विंडोजच्या कन्सोलने २०१७ मध्ये तसं केलंच होतं.